एक नाणं आणि त्याच्यामागची पुस्तकं : नवख्या संग्राहकासाठी

नाणी जमवायला लागलेल्या माणसाचा पहिला अल्बम बहुतेक वेळा सारखाच दिसतो. दोन-तीन शिवराया, एखादा मुघल रुपया, कुषाणांचं झिजलेलं तांब्याचं नाणं, एक आहत (चिन्हांचे ठसे मारलेलं) नाणं आणि प्रत्येकाखाली व्यापाऱ्याने सांगितलेलं नाव. "हे कुणाचं?" असं पाहुण्याने विचारलं तर उत्तर मिळतं. "हा राजा कोण, कुठला, याच्यानंतर काय झालं?" असं विचारलं की संग्राहक पान उलटतो.

प्राचीन नाण्यांचा छंद पुस्तकांशिवाय करता येतो, पण तो लवकर कंटाळवाणा होतो आणि महागही पडतो. मुंबईत राहून, फार पैसे न घालवता, इतिहासाच्या पुस्तकांचा हात धरून हा छंद कसा सुरू करावा ते इथे सांगतो. उदाहरणं मुद्दाम आपल्या बाजूची घेतली आहेत. नाशिक, सोपारा, कल्याण, कान्हेरी ही नावं मोठ्या ग्रंथांत येतात आणि त्यांतली बरीचशी लोकलच्या पासात बसतात.

१. सुरुवात एकाच नाण्यापासून

पहिलं नाणं पश्चिमी क्षत्रपांचं घ्या, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो. चांदीचं, नखाएवढं, साधारण दोन ग्रॅमचं. एका बाजूला राजाचं मस्तक, दुसऱ्या बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्यावर चंद्रकोर, शेजारी तारा, खाली नागमोडी रेघ आणि कडेने ब्राह्मी लेख. हा वंश गुजरात-माळव्यात जवळजवळ तीनशे वर्षं राज्य करत होता. नाणी अमाप पाडली, म्हणून प्राचीन चांदीच्या नाण्यांत ती आजही सहज मिळतात.

पण सहज मिळतं हे खरं कारण नाही. हे नाणं बोलतं. राजाचं नाव, त्याचा हुद्दा, बापाचं नाव, बापाचा हुद्दा हे सगळं त्यावर असतं आणि वंशाच्या पहिल्या काही राजांनंतर मस्तकामागे शक वर्षही येतं. भारतातल्या इतक्या जुन्या नाण्यांत एवढी माहिती दुसरीकडे क्वचितच सापडते. आहत नाणी जास्त जुनी आणि जास्त गूढ, त्यामुळे नवखे आधी तिकडे ओढले जातात. त्यांवर पाच चिन्हं असतात, अक्षर एकही नाही. पुस्तक शेजारी घेऊन बसलं तरी पहिल्या वर्षी हाती फारसं लागत नाही. ती नंतर.

२. काटा, भिंग, वही

दहापट मोठं दाखवणारं भिंग, शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि एक वही. नाणं कडेला धरून हाताळायचं, घासायचं नाही. लिंबू, चिंच, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नका.

वहीत प्रत्येक नाण्याला एक पान द्या. वजन, व्यास, धातू, कुणाकडून, कधी, कितीला घेतलं. खाली निम्मं पान कोरं ठेवा. ते पुस्तकांसाठी. जिथे जिथे हे नाणं किंवा हा राजा भेटेल तिथला पुस्तकाचा पान क्रमांक आणि एका ओळीत काय म्हटलंय ते तिथे टिपायचं. दोन वर्षांनी ही वही अल्बमपेक्षा मोलाची ठरते.

३. नाण्यावरचं वाचणं

आता महिनाभर रोज अर्धा तास ब्राह्मी. सगळी लिपी यायची गरज नाही. क्षत्रपांच्या नाण्यांवर तेच तेच शब्द येतात, त्यामुळे ओळखीची अक्षरं झपाट्याने वाढतात. अडचण वेगळीच आहे. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, म्हणून लेखाचा काही भाग नाण्याबाहेर पडलेला असतो. दिसतात तेवढी अक्षरं लिहून काढायची आणि कॅटलॉगमधल्या पूर्ण लेखाशी ताडून पाहायची.

समजा, तुमच्या नाण्यावर हा लेख निघाला : "राज्ञः क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस". म्हणजे क्षत्रप वीरदामाचा मुलगा, महाक्षत्रप रुद्रसेन. यालाच इतिहासात दुसरा रुद्रसेन म्हणतात आणि याची नाणी भरपूर मिळतात. आता नीट बघा. मुलगा महाक्षत्रप आहे, बाप मात्र नुसता क्षत्रप. बाप वरच्या पदाला पोचलाच नाही, मग मुलगा कसा पोचला?

इथे पुस्तक उघडायचं. वीरदाम हा महाक्षत्रप दामसेनाचा मुलगा. दामसेनानंतर त्याचे आणखी तीन मुलगे, यशोदाम, विजयसेन आणि तिसरा दामजदश्री, एकामागून एक महाक्षत्रप झाले. भाऊ संपल्यावर गादी पुढच्या पिढीत, वीरदामाच्या मुलाकडे आली. या घराण्यात गादी बापाकडून थेट मुलाकडे न जाता आधी भावाभावांत फिरायची. ही रीत कुठल्या बखरीत लिहून ठेवलेली नाही. ती अशाच नाण्यांवरची नावं आणि वर्षं ओळीने लावून अभ्यासकांनी शोधून काढली आहे.

वर्ष वाचताना एक ध्यानात ठेवा. त्या अंकांत शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. शंभराला एक चिन्ह, पन्नासाला एक, तीनाला एक. ही तीन मिळून 153. त्यात 78 मिळवले की इसवी सन 231, म्हणजे दामसेनाचा काळ. शेवटचा अंक बहुधा झिजलेला असतो. अशा वेळी वहीत "15?" असं लिहावं. अंदाजाने अंक भरू नये, कारण पुढे त्याच अंदाजावर तुम्ही इमले चढवता.

४. कुठलं पुस्तक कशासाठी

इतिहासाचं पुस्तक म्हटलं की नवखा माणूस पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि चाळिसाव्या पानावर झोपतो. संग्राहकाने पुस्तक मागून उघडावं, सूचीपासून. राजाचं नाव शोधा, ती पानं वाचा, तळटीपा वाचा, तळटीपेत जे दुसरं पुस्तक सांगितलंय त्याची नोंद करा. नाणं हातात असताना असं वाचलेलं डोक्यात राहतं.

कामाची पुस्तकं चार जातींची. पहिली म्हणजे कॅटलॉग. आपल्या विषयासाठी ई. जे. रॅप्सन यांनी केलेला ब्रिटिश म्युझियमचा 1908 सालचा कॅटलॉग अजून टाळता येत नाही. त्यात सातवाहन, पश्चिमी क्षत्रप आणि त्रैकूटक यांची नाणी चित्रांसह आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर तो फुकट वाचायला मिळतो. लोक त्यातली फक्त छायाचित्रं बघतात, पण त्याची प्रस्तावना हीच एक स्वतंत्र पुस्तक होईल एवढी आहे आणि खरा इतिहास तिच्यात आहे. मुंबईकराला त्यात एक जास्तीची गंमत. रॅप्सन यांच्या अभ्यासामागे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जमवलेली नाणी होती. भगवानलाल मुंबईत 1888 साली वारले आणि त्यांचा नाण्यांचा संग्रह त्यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश म्युझियमला गेला.

दुसरी जात राजकीय इतिहासाची. मराठीत वा. वि. मिराशी यांचं 'सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख' हे पुस्तक मिळालं तर सोडू नका. त्यात इतिहास आहेच, शिवाय तिसरी जात, म्हणजे कोरीव लेखांचे पाठही एकत्र आहेत. चौथी जात जुनी नियतकालिकं आणि गॅझेटिअर. ठाण्याच्या गॅझेटिअरचा 1882 चा स्थळवर्णनाचा खंड काढा आणि सोपारा, कान्हेरी, घारापुरी यांवरची पानं वाचा. अगदी सोपी ओळख हवी असेल तर परमेश्वरीलाल गुप्त यांचं नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं नाण्यांवरचं छोटं पुस्तक बरं आहे. रेल्वेच्या प्रवासात संपतं.

हे सगळं विकत घ्यायची गरज नाही. फोर्टमध्ये टाऊन हॉलच्या पायऱ्या चढलात की एशियाटिक सोसायटी. 1804 पासूनची संस्था, तिच्या नियतकालिकाचे जुने अंक म्हणजे आपल्या भागातल्या नाण्यांची खाण आहे. सभासद नसाल तर आधी चौकशी करून जा. मराठी पुस्तकांसाठी दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. जुन्या प्रती हव्या असतील तर माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी आणि फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर नजर ठेवा. नाण्यांवरचं पुस्तक तिथे रोज येत नाही, पण आलं तर विकणाऱ्यालाही त्याची किंमत माहीत नसते.

५. लेख आणि नाणं समोरासमोर ठेवा

या छंदातला माझा सगळ्यात आवडता भाग हा. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे 1906 साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपान राजाची. हाही क्षत्रपच, पण आधीच्या, क्षहरात घराण्यातला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर आडवातिडवा सातवाहनांचा डोंगर, मागे उज्जैनी चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार गोल. चांगल्या नाण्यावर खालचं नाक आणि वरची अक्षरं एकाच वेळी दिसतात.

आता नाशिकच्याच पांडवलेण्यात जा, तिसऱ्या लेण्यात. गौतमीपुत्राची आई बलश्री हिचा लांबलचक लेख तिथे आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. त्यात ती आपल्या मुलाला 'खखरातवस निरवसेसकरस' म्हणते, क्षहरातांचा वंश नि:शेष करणारा. लेखातला सूर विजयाचा आहे. नाण्यातला व्यवहाराचा. शत्रूचा वंश संपवला, पण त्याची चांदी चांगली होती, वितळवण्याची खटपट कशाला, ठसा मारून चालवून टाकली. दोन्ही खरं आहे. नुसता लेख वाचणाऱ्याला किंवा नुसतं नाणं बघणाऱ्याला यातलं निम्मंच कळतं.

तिथून जवळच दहावं लेणं, नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याच्या लेखात चक्क हिशोब आहेत. सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, पस्तीसला एक या दराने. तेव्हाचा चांदी-सोन्याच्या नाण्यांचा भाव दगडावर कोरलेला! त्याच लेखात, त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) दोन हजार कार्षापण ठेव ठेवली, व्याज महिना शेकडा एक. त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. पेन्सिल घ्या. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशोब जुळतो. हा लेख वाचल्यावर हातातलं दोन ग्रॅमचं नाणं आपोआप जड वाटायला लागतं. वर्षभरातल्या भिक्षूच्या कपड्यांना अशी बारा लागत होती.

६. बोरिवलीला उतरा

नाशिकला जायला सुट्टी लागते. कान्हेरीला रविवार पुरतो. सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा. तिथल्या दात्यांच्या लेखांत कल्याण, सोपारा, चौल इथले लोक भेटतात. तिसऱ्या लेण्यात, म्हणजे मोठ्या चैत्यगृहात, यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळचा लेख आहे आणि चैत्य खोदवणारे दोघे भाऊ व्यापारी आहेत. याच यज्ञश्रीचं चांदीचं नाणं भगवानलाल यांना 1882 मध्ये सोपाऱ्याच्या स्तूपात मिळालं होतं. नालासोपाऱ्याला उतरून तो स्तूपही बघता येतो.

पण क्षत्रपांचं नाणं खिशात असेल तर कान्हेरीतला दुसरा एक लेख महत्त्वाचा. पाण्याच्या एका टाक्यावर तो आहे, बराचसा फुटलेला. सतेरक नावाच्या अमात्याने हे टाकं दान दिलं. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक कुळातली, म्हणजे नहपानानंतरच्या क्षत्रपांच्या घराण्यातली, महाक्षत्रप रु... याची मुलगी. नाव पुढे तुटलं आहे, पण अभ्यासक ते रुद्रदामन असं पुरं करतात. म्हणजे सातवाहनांच्या घरात क्षत्रपांची लेक नांदत होती.

आता गिरनारच्या पायथ्याचा रुद्रदामनाचा लेख काढा, शक 72 चा, म्हणजे इसवी सन 150. त्यात तो सांगतो की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड लढाईत हरवलं, पण नातं जवळचं म्हणून त्याचा नाश केला नाही. कान्हेरीचं टाकं आणि गिरनारचा खडक यांच्यामध्ये शेकडो मैल. एकावर सोयरीक, दुसऱ्यावर भांडण.

आणि मग तिसरी गोष्ट म्हणून नाणं. सातवाहनांची बहुतेक नाणी शिसं, तांबं आणि पोटीन (एक मिश्रधातू) यांची, हत्ती आणि चिन्हं असलेली. मधूनच त्यांनी चांदीची, राजाचं मस्तक असलेली नाणी काढली. आकार, वजन, मस्तक सगळं क्षत्रपांच्या वळणाचं. एका बाजूला प्राकृत लेख, दुसऱ्या बाजूला दक्षिणी भाषेतला. वासिष्ठीपुत्र सातकर्णीचीही अशी नाणी आहेत. सोयरीक झाली म्हणून नाणं बदललं, असं थेट म्हणू नये. ज्या बाजारात क्षत्रपांची चांदी चालत होती तिथे तसंच नाणं लागणार, हेही कारण असू शकतं. वहीत दोन्ही शक्यता लिहा. निकाल द्यायची घाई नाही.

७. पुस्तकाशी भांडायला शिका

छापलं आहे म्हणून खरं, असं या विषयात चालत नाही. नहपानाचंच बघा. त्याच्या काळच्या लेखांत 41 ते 46 अशी वर्षं येतात. जुन्या ग्रंथांनी ती शक वर्षं धरली आणि नहपानाला इसवी सन 119 ते 124 मध्ये बसवलं. अलीकडचे बरेच अभ्यासक त्याला इसवी सनाच्या पहिल्या शतकात मागे नेतात. 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात भडोचच्या भागाचा राजा म्हणून जे नाव येतं ते नहपानाचंच मानतात आणि तो ग्रंथ पहिल्या शतकातला आहे. म्हणून पाकिटावर एकच साल ठोकू नका. कुठल्या पुस्तकानुसार, ते शेजारी लिहा.

'पेरिप्लस' वाचाच, इंग्रजी भाषांतरात ते चिमुकलं आहे. सोपारा आहे, कल्याण आहे. कल्याणच्या बंदरात चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असं त्यात म्हटलंय. आणि भडोचच्या बाजारात अपोलोडोटस व मिनँडर या जुन्या यवन (ग्रीक) राजांची नाणी अजून चालतात, असंही. ते राजे जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता.

राजा जातो, नाणं राहतं याचं आपल्याकडचं उदाहरण आणखी नेमकं आहे. कलचुरी राजा कृष्णराज सहाव्या शतकातला. त्याची चांदीची नाणी, पुढे मस्तक, मागे बसलेला नंदी, मुंबई आणि साष्टीतही सापडली आहेत. आरंभी अभ्यासकांनी ती राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाची मानली होती. नाव तेच, म्हणून घोटाळा. घडण आणि अक्षरवळण नीट पाहिल्यावर ती दोन शतकं मागे गेली. मग अंजनेरीचे ताम्रपट पुढे आले. भोगशक्ती या राजाच्या, इसवी सन 710 च्या सुमाराच्या दानपत्रात 'कृष्णराज-रूपक' असा नाण्याचा उल्लेख आहे. राजा जाऊन शतकाहून जास्त काळ उलटला, तरी लोक व्यवहार त्याच्या नाण्यात मोजत होते. जुन्या कॅटलॉगमध्ये राष्ट्रकूट म्हणून छापलेलं हे नाणं दिसलं तर दचकू नका. समासात दुरुस्ती करा, पुस्तक तुमचं असेल तर.

वजनाची सवय लागली की दामोदर धर्मानंद कोसंबी वाचा. गणिताचे प्राध्यापक, कामासाठी पुण्याहून मुंबईला ये-जा करणारे. त्यांनी आहत नाण्यांचे साठे तोलले आणि वापरात नाणं किती झिजतं यावरून त्यांचा क्रम लावायचा प्रयत्न केला. त्यांचे सगळे निष्कर्ष आज टिकलेले नाहीत. पण झिजलेलं नाणं टाकाऊ नसतं, झीज हीच माहिती असते, हे त्यांच्याकडून शिकावं. आहत नाणी घ्यायची वेळ आता आली.

८. दुकानात जाण्यापूर्वी

आधी खरी नाणी भरपूर बघा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि फोर्टमधल्या सर फिरोजशहा मेहता रोडवरचं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम, दोन्हींची वेळ फोन करून विचारा आणि वही घेऊन जा. नाशिककडे गेलात तर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. तिथे अर्धा दिवस राखून ठेवा.

नकली नाणी पुष्कळ आहेत. नहपानावर गौतमीपुत्राचा ठसा हे तर नकलांचं लाडकं नाणं, कारण गोष्ट सगळ्यांना माहीत असते. वजन कॅटलॉगशी पडताळा, कडा भिंगाखाली बघा. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे आणि कडेला सांधा दिसतो. एकाच ठशाची, एकसारख्याच जागी झिजलेली दोन नाणी एका ट्रेमध्ये दिसली तर दोन्ही परत ठेवा, घेऊ नका. पावती मागा. पावती द्यायला कचरणाऱ्याकडे स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

कायदाही माहीत असावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू असते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणून क्षत्रप नाणं बॅगेत घालून पाठवणं हा गुन्हा आहे. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. "शेतात सापडलंय, गुपचूप घ्या" असं कुणी म्हणालं तर पुढे चालू लागा. तसं घेतलेलं नाणं अभ्यासाच्या कामाचंही उरत नाही. कुठल्या गावात, कशाबरोबर, किती नाण्यांच्या साठ्यात होतं हे कायमचं हरवतं. जोगळटेंभीचा साठा मोडून तोळ्यावर विकला गेला असता तर वरचा पाचवा मुद्दा मला लिहिताच आला नसता.

दुसरं नाणं कुठलं घ्यायचं, हे वहीतल्या कोऱ्या अर्ध्या पानावर ठरतं. रुद्रसेनाच्या पानावर "पुढे हा वंश कुणी संपवला?" असं लिहिलं असेल, तर उत्तर गुप्तांच्या चांदीच्या नाण्यांत आहे. दुसऱ्या चंद्रगुप्ताने पश्चिम भारत जिंकल्यावर तेच वजन आणि तसंच मस्तक ठेवलं, मागचा डोंगर काढून तिथे गरुड बसवला. ते घ्या. आणि त्याच्याआधी जॉन ॲलन यांचा गुप्त नाण्यांचा 1914 चा कॅटलॉग डाउनलोड करून घ्या.